डावा कोपरा

सैफनं आत पाय टाकला आणि डोमाजीनं त्याचा घोटा धरला.

धरला म्हणजे कसा, छाती मातीला टेकवून, दोन्ही हातांनी, हनुवटी नडगीवर दाबून. ढाणकीच्या कबड्डी संघात डावा कोपरा डोमाजीचा. वर्षानुवर्षं त्याचं एकच काम, समोरच्या गड्याच्या लाथा तोंडावर घ्यायच्या आणि त्याचा पाय सोडायचा नाही. चढाई करणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतात. पाय धरणाऱ्याला कोण विचारतं? त्याचे पुढचे दात गेले, करंगळी वाकडी बसली, आणि नाव झालं ते भलत्याच गोष्टीसाठी. मागच्या साली बाभुळगावच्या फायनलला त्याच्या हातातल्या गड्याचा दम तुटला, तोंडचं कबड्डी-कबड्डी थांबलं. डोमाजीनं स्वतःच्या कानानं ऐकलं. गडी बाद झाला असं समजून या भल्या माणसानं पाय सोडून दिला. पंचाला मात्र काही ऐकू गेलं नव्हतं. गड्यानं सरपटत जाऊन रेघ शिवली आणि ढाणकी हरली. तेव्हापासून पानटपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, डोमाजी दिसला की कोणीतरी बोंबलतंच, "सोडला रे सोडला!" त्याच्या पोरीला शाळेतसुद्धा तेच ऐकावं लागतं.

आज समोर पुसद होतं. शेवटची चढाई पुसदच्या सैफची, ढाणकी एका गुणानं पुढे. सैफ मधल्या रेघेला पोचला की संपलं सगळं.

सैफनं मोकळ्या पायाची टाच डोमाजीच्या नाकावर हाणली. रक्ताची धार लागली. त्यानं परत हाणली. डोमाजीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून ढाणकीच्याच इंद्रजीतनं सैफची कंबर धरली, त्याच्यावर बाकीचे पडले आणि ढीग झाला. सैफ कुशीवर दुमडला. त्याचं तोंड डोमाजीच्या डोक्यापाशी आलं, तरी एक हात रेघेकडे लांबवलेला आणि कबड्डी-कबड्डी चालूच. जिद्दी लेकाचा! एका कोपरावर सगळा ढीग ओढत होता. पण त्याचा पाय आता सरळ राहिला नव्हता. गुडघा एकीकडे, नडगी दुसरीकडे, आणि वरून एवढ्या जणांचं वजन.

"सोडजो नोको, डोम्या!" ढिगातून इंद्रजीत ओरडला.

कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा गुडघ्यातून आवाज आला. कबड्डी-कबड्डी थांबलं.

"सोड, भाऊ," सैफ म्हणाला. "मोडला."

डोमाजीला नीट ऐकू आलं. दम तुटला म्हणजे गडी बाद, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ढाणकी जिंकली होती, फक्त शिट्टी वाजायची राहिली होती. पंच गुडघ्यावर बसून कान देत होता. पण भोंगे आणि पब्लिकच्या त्या कल्ल्यात त्याला काय ऐकू येणार, कप्पाळ!

सकाळी दोघं एकाच टपरीवर चहा प्यायला बसले होते. तेव्हा सैफनं सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात पोलीस भरतीची धावायची परीक्षा आहे, या खेपेला काम होणार म्हणून. डोमाजीला ते आठवलं. त्याचा हात सैल झालासुद्धा. आणि लगेच त्याला पोरीचं उतरलेलं तोंड दिसलं. त्यानं मिठी आणखी आवळली.

"या अल्ला! सोड ना रे, भाऊ!" सैफ रडायला लागला.

डोमाजीला लाज वाटली. भीतीही वाटली. तरी त्यानं सोडलं नाही. हातातला पाय वळत वळत जायला नको तिकडे गेला, आणि मग कुठं वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

"धरला! डोमाजीनं धरला!" सारं मैदान आत घुसलं. पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं, पहिल्यांदाच, तेही दोनदोनदा. नाकातलं रक्त ओठावर येत होतं.

तो धडपडत खाली उतरला आणि सैफला दवाखान्यात न्यायच्या गाडीकडे गेला. पिकअपच्या मागच्या भागात सैफला आडवं केलं होतं. गुडघा टरबुजाएवढा झाला होता. खाली त्याचा बाप रहमत मिस्त्री उभा होता. तो डोळे पुशीत होता आणि जमलेल्या लोकांना सांगतही होता, "पाय मोडला, पन पोट्ट्यानं दम नाही सोडला! पंचाले विचारा. शिट्टी वाजेपर्यंत कबड्डी चालू होती त्याची!" पंचानं मान हलवली. लोक रहमतच्या पाठीवर हात ठेवून वाहवा म्हणत होते.

डोमाजी चाकावर पाय देऊन वर चढला.

"सैफ, मले माफ कर, बाप्पा. मले आयकू आलं होतं. तू म्हनलं तवाच मी..."

सैफनं त्याचं मनगट गच्च धरलं.

"हळू बोल." त्यानं मान उचलून बापाकडे पाहिलं. "आनखी कोनाले आयकू आलं?"

"कोनालेच नाही. मले एकट्याले."

सैफनं मान परत खाली टेकवली.

"मंग कोनाले सांगजो नोको, भाऊ. मी सोड म्हनलो, हे अब्बाले कळू देजो नोको."