मारारांचा जावई

"चेंडा वाजवणारे हवेत," एवढं लिहून उदयन थांबला. मग खाली बारीक अक्षरात घातलं, "भेटा : उदयन, माधव मारारांचा जावई."

मस्कतमध्ये शंसुद्दीनच्या चहाच्या दुकानाच्या काचेवर त्यानं तो कागद डकवला. मारार म्हणजे केरळात पिढ्यान्‌पिढ्या देवळापुढं चेंडा, म्हणजे गळ्यात अडकवून काठ्यांनी वाजवायचा उभा ढोल, घुमवणारी माणसं. ते नाव वाचून वादक आले तर अस्सलच येतील, असा त्याचा अंदाज होता.

अस्सलच हवे होते. कारण उदयनला चेंडा येत नव्हता.

लग्न जुळवताना मध्यस्थानं "मुलगा चेंडा काय वाजवतो!" असं ठोकून दिलं, आणि समोर शैलजा बसलेली पाहून उदयनची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. तेव्हापासून दर रजेला तो गावी उतरायचा तो अंगठ्याला पट्टी बांधून. सासरे पट्टी कुरवाळत म्हणायचे, "या अंगठ्याला कुणाची दृष्ट लागलीय, जावईबापू?"

आता शैलजाचा फोन आला होता. "तुमच्या तिथल्या ओणमच्या कार्यक्रमाला मी येतेय, आणि बाबाही येतायत. म्हणतात, अंगठा तुटून पडला तरी यंदा ऐकल्याशिवाय परतणार नाही."

उदयननं विचार केला. एकट्याचं खोटं उघडं पडतं. आठ चेंड्यांच्या गडगडाटात एक मुका हात कुणाला ऐकू येतोय? बाकीचे सात तेवढे पक्के हवेत.

पहिला आला तो खुद्द शंसुद्दीन, गल्ल्यामागून हात पुसत. "लहानपणी थोडंफार वाजवायचो, चेट्टा. मी आपला तुमच्या मागं उभा राहीन."

वर चेट्टा, म्हणजे दादा म्हणतोय! थोरांचा विनय असाच असतो, उदयन मनात म्हणाला.

मग दवाखान्यातला जोसी आला, आणखी चौघं आले. शेवटी आला क्रेन चालवणारा वेलायुधन. पांढऱ्याशुभ्र मिशा, मोजून बोलणं. त्यानं बराच वेळ उदयनच्या हातांकडं पाहिलं. त्या मिशा बघूनच सगळ्यांनी त्याला 'आशान' म्हणायला सुरुवात केली. आशान म्हणजे गुरुजी.

"चेंड्याला आत्ताच हात लावायचा नाही," आशान म्हणाला. "आधी दगड."

सातही माना एकदम हलल्या. रीतच ती. गावाकडंही शिकणारा महिनोन्‌महिने दगडावर चिंचेच्या काठीनं ठोके घालतो, मग कुठं चेंडा गळ्यात पडतो.

दर शुक्रवारी दुपारी फरश्यांच्या गोदामात आठ दगडांपुढं आठ जण मांडी घालून बसू लागले. ठकठक, ठकठक. जणू वाळवंटात सुतारपक्ष्यांची शाळा भरली होती. उदयनच्या तळहाताला फोड आले, फोडांचे घट्टे झाले. झोपेतही त्याची बोटं उशीवर ताल धरू लागली.

एकदा धीर करून तो म्हणाला, "आशान, ही जागा जरा वाजवून दाखवता?"

"मारारांच्या जावयाला मी दाखवू?" आशाननं मिशा पुसल्या. "मी वाजवलं तर तुमचे हात गळून पडतील. हे ऐका." आणि त्यानं मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावलं.

टोमणा उदयनच्या काळजात रुतला. म्हाताऱ्यानं ओळखलंय आपल्याला! जोसीचंही तेच. तो डोळ्याची पापणी न हलवता उदयनच्या मनगटाकडं बघत राहायचा, आणि त्याचा ठोका पडल्यावरच आपला टाकायचा.

"असा काय बघतोस रे?" उदयन एकदा चिडला.

"काही नाही, चेट्टा. तुमचा हात फार गोड आहे."

सरळसरळ थट्टा! उदयननं काठी आवळली आणि मान खाली घातली.

ओणमचा दिवस उजाडला. फुलांची रांगोळी झाली, केळीच्या पानावर जेवणं झाली. भाड्याचे चेंडे दुबईहून त्याच सकाळी आले होते. पडद्यामागं आठही जणांनी खोळी काढल्या आणि चेंडे खाली ठेवले.

उदयननं पडदा बोटभर सारला. पहिल्या रांगेत शैलजा होती, नव्या साडीत. शेजारी सासरे, डोळे मिटून. त्यांची बोटं मांडीवर आधीच चालू झाली होती.

उदयननं पडदा सोडला. त्या बोटांना फसवायचं? छे. आता सांगून टाकावं. निदान या सात जणांची तरी लाज वाचेल.

तो आशानकडं वळला. "आशान, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"तुझं राहू दे, आधी माझं ऐक." आशाननं त्याचा हात घट्ट धरला. तळवा घामानं थबथबलेला होता. बाहेर निवेदकानं त्यांची नावं पुकारली, टाळ्या पडल्या. मागचे सहाही जण कान टवकारून जवळ सरकले.

आशान त्याच्या कानाशी वाकला. "मोने, बाळा, तू मारारांचा जावई, तुझ्याच भरवशावर उभे आहोत आम्ही सगळे. पटकन सांग, याची वाजवायची बाजू कुठली? वरची की खालची?"