छपरातली माणसं

रुळांच्या कडेला वाळणारी साडी. चप्पल उशाला घेऊन झोपलेला म्हातारा. आरशाच्या तुकड्यात बघून चाललेली दाढी. झिपरूचं बिनदातांचं हसू.

भुसावळच्या रेल्वे यार्डामागे भटक्या माणसांत चार वर्षं राहून त्याने हे फोटो काढले. पुण्यात प्रदर्शन झालं, वाहवा झाली, आणि आपण या लोकांना लुटलं असं वाटून त्याने कॅमेरा कपाटात टाकला. फ्लेक्सवर छापलेले ते मोठे फोटो तेवढे त्यांच्याकडे पाठवून दिले, खोपटांना उपयोगी पडतील म्हणून.

तीन वर्षांनी तो आला, तेव्हा झिपरूच्या बायकोच्या, कौतिकाच्या छपरावर फ्लेक्सची नुसती पांढरी पाठ दिसत होती.

"उलटे लावलेत होय, मावशी?"

"पाऊस बाहेर, माणसं आत. ये, आडवा हो. बसून दिसत नाही, फोटोवाल्या."

तो आडवा झाला. दुपारचं ऊन फ्लेक्समधून झिरपत होतं आणि वर झिपरू उजळून हसत होता. कपाळावरची शीरसुद्धा दिसत होती. गॅलरीत एवढे दिवे लावूनही ती त्याला कधी दिसली नव्हती. ढग आला, हसू विझलं. ऊन आलं तसं ते ओठांपासून हळूहळू परत आलं.

"रोज असाच जातो-येतो," कौतिका म्हणाली. "त्या कोपऱ्यात मात्र गळतं. नवा फोटो कधी देतोस?"

"कॅमेरा घरी आहे."

"मग आण. मी कुठं जातेय?"

तो तसाच कॅमेरा आणायला स्टेशनाकडे निघाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी झिपरू वारला होता.