थोर आजीचा भाग

टीव्हीवर रोज संध्याकाळी थोरांची पाच-पाच मिनिटांची चरित्रं लागतात. ती बघून माझ्या सहा वर्षांच्या मुक्तानं तिच्या आजीवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर, एक भाग केला. मी मोबाइल धरला आणि ती टीव्हीतल्या बाईच्या आवाजात सुरू झाली, "कौशल्याबाईंचा जन्म चौसाळ्यात झाला. लहानपणी त्या लई खोडकर होत्या."

तेवढ्यात धाकटा पाळण्यात रडायला लागला. मोबाइल डब्याला टेकवून मी पळाले, आणि नंतर शेवट न बघताच व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिला.

शेवट टीव्हीसारखाच होता. आजीच्या फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार, आणि "अखेर त्यांचे दुःखद निधन झाले."

दोन तासांत चौसाळ्याहून जीप आली. आमच्या लग्नात मानाचा फेटा बांधायचा राहिला म्हणून आठ वर्षं रुसून बसलेले सासूबाईंचे भाऊ, सोमेश्वरमामा, "अक्का गं" करत रडतच उतरले. अक्का दारात शेंगा फोडत बसलेली.

"अक्का, तू हायस?"

"हाय की. आन् तू फेटा न्यायला आलास का मला बघायला?"

मामा ओट्यावर बसून आधी रडले, मग हसले, मग दोनदा चहा प्यायले आणि जेवूनच गेले.

जीप वळल्यावर सासूबाई हळूच माझ्याजवळ आल्या.

"पोरी, कडा गावाला दिलेली माझी बहीण बी लई दिसांची रुसलीय. तिला ग्रुपमदी घे, आन् माझं निधन परत टाक."