शिमग्याची पुडकी

"ह्येका गावाक कोण नाय, मगे पुडकी कोणाक धाडता?" गणपतने ताटावर वाकत हळूच विचारलं.

सुंदराबाईने आमटीची पळी तशीच धरून दाराकडे पाहिलं. पायरीवर बसून जयवंत जुन्या फडक्यात काहीतरी शिवत होता. शिमग्याला गावी निघालेल्या प्रत्येकाच्या हाती तो असं एक पुडकं देई आणि वर सांगे, मावशीला द्या. कुणाबरोबर देवगडच्या मावशीला, कुणाबरोबर राजापूरच्या. खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा मात्र यानेच सांगितलं होतं की आपल्याला आगंमागं कोणी नाही.

सुंदराबाईच्या या लालबागच्या खानावळीत सगळे गिरणीतले, सगळे कोकणातले. मोर्च्यावर गोळीबार झाला त्याला दोन महिने होत आले. तेवढ्यात इथली तीन माणसं पोलिसांनी उचलली, तीही नेमकी पत्रकं वाटणारी. आतल्याच कुणाचं तरी तोंड सुटलं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि नवा असा एकटा जयवंतच.

"खबरी तोच," गणपत म्हणाला.

"तू गप जेव. मी बघतंय."

बघायला तिला कारणही होतं. तिचा एकुलता एक रामू त्याच धामधुमीत धरला गेला होता आणि घाटापलीकडच्या तुरुंगात पडला होता. त्याचं पत्र आलं की तिच्या घशाखाली घास उतरे. शेजारणींच्या तुरुंगातल्या पोरांची पत्रं महिना महिना येत नसत, रामूचं दर आठवड्याला येई. पोस्टमन जिना चढायचा कंटाळा करतो म्हणून ती स्वतःच जाऊन घेऊन यायची.

तिला अक्षर लागत नव्हतं. वाचून दाखवायचा जयवंत. छान वाचायचा, रामूच बोलतोय असं वाटायचं. पण मागच्या खेपेला वाचून झाल्यावर त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काकी, ह्याच्यावर टपालाचा शिक्काच नाही हो."

"शिक्को उठलो नसात," ती म्हणाली. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. या पोराची नजर फार बारीक होती.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेल्यावर तिने खानावळीच्या कोपऱ्यातल्या त्याच्या वळकटीखालचं एक पुडकं काढलं आणि टाके उसवले. वर मूठभर खजूर, खाली कागदांचा गठ्ठा. कागदावर वळलेली मूठ छापलेली. असलाच गठ्ठा पोलिसांनी रामूच्या ट्रंकेतून उपसून काढला होता. तिने गठ्ठा परत आत सारला. मग सुई घेतली आणि होते तसेच टाके पुन्हा घातले.

पाळी सुटून जयवंत जेवायला आला, तेव्हा तिने त्याच्या ताटात दोन बोंबील जास्त वाढले.

"आज काय विशेष, काकी?"

"काय नाय. खा रे बाबा पोटभर."

"रामूचं पत्र आलं का?"

"येतला आज."

"मग संध्याकाळी वाचू निवांत," तो म्हणाला आणि हसला. त्या क्षणी तो तिला फार आवडला, आणि तेच तिला सोसेना. ती उगाच चुलीकडे वळली.

हात धुता धुता गणपतने तिला गाठलंच. "पुडक्यात कायतरी गावला काय?"

"गावला. पोरगो आपलोच हा. तेच्यार संशय घेव नको."

गणपत वरमला. सुंदराबाईने धुवट लुगडं नेसलं आणि रामूचं पत्र आणायला ती परळकडे चालू लागली. वाटेत ती कुठे थांबली नाही.

टेबलापलीकडे बसलेल्या फौजदाराने टाक दौतीत बुडवला.

"या आठवड्याला कोण?"

"जयवंत," ती म्हणाली. "पुडकी वळकटीखाली हत. उद्याच्या बोटीन जातली."

त्याने नाव लिहून घेतलं, शिपायांना लगेच तिकडे पिटाळलं, खण उघडला आणि पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिने ते कपाळाला लावलं, कनवटीला खोचलं आणि परतीची वाट धरली. करी रोडच्या पुलापाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आता हे वाचून दाखवायला कोणी नव्हतं.