बारापर्यंतचा नियम

अगरबत्तीचा धूर. ओला पदर. स्टँडवरचा मोबाईल. "शांत जगणं सोपं आहे, हळू श्वास घ्या," कारंज्याचे व्यापारी पदमचंद मोबाईलपुढे सांगत होते. दुकानातून परतलेल्या नीलमनं बाथरूमचं दार उघडलं, तर सासूबाई फरशीवर पडलेल्या, पाय वाकडा, हातात चेपलेला तांब्या. "आई, हाक काहून नाही मारली? कुठं दुखून राह्यलं?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मन शांत राहावं म्हणून पदमचंदांनी बायकोला बारापर्यंत मौनाचा नियम दिला होता. "बाबूजी, गाडी बोलवा!" "घाई कायले? बारा वाजू दे, नियम मोडंल तिचा," ते कॅमेऱ्याकडे पाहतच हसले. तिनं त्यांचा मोबाईल हिसकावून रुग्णवाहिकेला फोन लावला. "माझा व्हिडिओ!" पदमचंद किंचाळले. "श्वास घ्या, बाबूजी." सासूबाई मदतीसाठी आपटत असलेल्या तांब्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून बाथरूमचं दार पदमचंदांनीच ओढून घेतलं होतं.