हातगुण

दिवसभर घड्याळं दुरुस्त करणारा तो रात्री गच्चीवरून शहराचे फोटो काढायचा, थेट आपल्या आवडत्या छायाचित्रकारासारखे. त्या ज्येष्ठांच्या फोटोंत दिव्यांच्या उजेडाला एक बारीक थरथर असे. ती हातात आणायला या स्थिर हाताच्या माणसाला तीन वर्षं लागली.

"लोकांचा हात वयानं थरथरतो, तुमचा हौसेनं," बायको म्हणायची.

शेवटी धीर करून, नक्कल म्हणून हाकलतील या धास्तीतच, तो फोटो घेऊन त्यांच्या घरी गेला. त्यांनी एकेक फोटो दोनदा पाहिला. मग उठून दार लोटून घेतलं आणि ते हळू आवाजात म्हणाले,

"नव्या गोळ्यांनी माझा हात थरथरायचा थांबलाय. हे जरा मला शिकवाल का?"