उठल्यावर बोलू

चर्चच्या खांबांना काळे पडदे बांधून झाले आणि पाद्री अबूना बिसादांनी शोकाच्या चालीत प्रार्थना सुरू केली. वस्फी दाराजवळच्या शेवटच्या बाकावरच बसून राहिला.

"पुढं जा की लेका," शेजारी बसलेला गिर्गिस सुतार कुजबुजला. "अय्याद तिकडं पुढं, अन् सख्खा भाऊ इथं दाराशी. बरं दिसतं का?"

"इथं वारा लागतो."

"सात वर्षं वाराच खातोयस."

सगळं गाव आलं होतं. बायकांच्या बाजूला मुसमुसणं सुरू झालं होतं. त्यात त्याची बायको तहानीही होती. सकाळी इस्त्रीचा झगा हातात देताना ती एवढंच म्हणाली होती, "आज तरी."

सात वर्षांपूर्वी आईला माती देऊन आल्यावर, अंगण माणसांनी भरलेलं असताना, वस्फी अय्यादला म्हणाला होता, "आई तुझं नाव घेत गेली. तू शहरात कुठं शेण खात होतास?" अय्याद हातातली कागदी पिशवी खाली ठेवून निघून गेला. पुढे चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात नावाड्यानं सहज सांगितलं, आई गेली त्या रात्री होडी बंद पडली होती. अय्याद आईचं इंजेक्शन छातीशी धरून नाईलच्या पलीकडच्या काठावरून हाका मारत होता.

खरं तर तेव्हाच ताटावरून उठून भावाच्या दारात जायचं. मधे एक गल्ली होती, नाईल नव्हती. पण वस्फीला वाटलं, उद्या जाऊ. उद्याचं परवा झालं, नि मग इतके दिवस गेले की जायचीच लाज वाटू लागली. अय्याद समोरून आला की तो उगाच म्हशीला हाकल्यासारखं करायचा.

"मेला म्हणू नका," अबूना सांगत होते. "झोपला म्हणा. झोपलेल्याला कुणी कायमचा निरोप देत नाही. प्रभू हाक मारील तेव्हा कबरीतले सगळे उठतील, आणि ज्यांची भेट राहिली त्यांची भेट होईल."

वस्फीला आठवलं, लहानपणी दोघं एका चटईवर झोपायचे. अय्यादला हाका मारमारून उठवावं लागे. उठला की आधी हसायचा.

"ऐकलंस ना?" गिर्गिस म्हणाला. "आता तरी जवळ जाऊन दोन शब्द बोल."

"त्या दिवशी बोलेन," वस्फी म्हणाला. "सगळे उठतील त्या दिवशी. पहिली माफी त्याचीच मागेन."

"आणि तोवर?"

वस्फीनं बाहीनं डोळे पुसले. आपल्यासारखा करंटा भाऊ गावात दुसरा नसेल, असं त्याला वाटलं. ते खरंही होतं.

अबूनांनी भांड्यातलं पाणी ओंजळीनं सगळ्यांवर शिंपडलं. "आता प्रभूच्या दुःखाचा आठवडा; पुनरुत्थानाच्या सणापर्यंत कुणाच्या मयतीला धूप नाही की प्रार्थना नाही," ते दरवर्षीसारखं म्हणाले. "या आठवड्यात प्रभू ज्याला बोलावील, त्याचा मयतीचा विधी आज सगळ्यांबरोबर जितेपणीच झाला असं समजा. शांतीनं घरी जा."

पुढच्या बाकावरून अय्याद उठला. टकलावरचं पाणी रुमालानं पुसत तो दाराकडे आला आणि वस्फीपाशी जरासा थांबला. वस्फीनं गुडघे आवरून त्याला वाट करून दिली.